शेळीचं रक्त आणि १२५ चा आकडा: निपाणीच्या दवाखान्यात सीबीसी मशीन पारखताना

जुलैचा पहिला आठवडा. वेदगंगेला पाणी चढलेलं. यमगर्णीकडच्या एक मावशी छत्रीखाली शेळी घेऊन दवाखान्यात आल्या. तक्रार साधीच होती, दोन दिवस शेळी पातळ हगत होती. एरवी मी डोळ्याची पापणी पाहिली असती, लेंडीची तपासणी केली असती आणि जंताचं औषध देऊन त्यांना मोकळं केलं असतं. पण त्या दिवशी टेबलावर रक्तातल्या पेशी मोजणारं सीबीसीचं मशीन चालू होतं. माणसांची एक पॅथॉलॉजी लॅब बंद झाली होती, तिथलं हे जुनं मशीन. विक्रेत्याने ‘आठ दिवस वापरून बघा’ म्हणून ठेवलं होतं. किंमत नव्या मशीनच्या एक चतुर्थांशाहूनही कमी. आदल्या दिवशी त्याने एका लॅब्रॅडॉरचं रक्त लावून दाखवलं होतं आणि सगळे आकडे चोख आले होते. माझं मन जवळजवळ ठरलं होतं.

शेळीचं रक्त लावलं. मिनिटाभरात कागद बाहेर आला. हिमोग्लोबिन ९.०, तांबड्या पेशी १९ लाख, हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तात तांबड्या पेशींचा वाटा, ७.२ टक्के आणि प्लेटलेटच्या जागी मोजमर्यादा ओलांडल्याची खूण. मी मावशींना म्हटलं, रक्त फारच कमी दिसतंय. त्या शेळीकडे बघत म्हणाल्या, “डाक्टर, खातीया, पितीया, मगाशी बांधावरनं वडत आणली तिला, मलाच वडत हुती. आन् रगात न्हाई म्हंताय?”

बरोबर होतं त्यांचं. हिमॅटोक्रिट खरंच सात असतं, तर ती शेळी चार पावलं चालून धापा टाकत बसली असती. पापणी खाली ओढून पाहिली, आतून गुलाबी. मग बारीक काचेच्या कॅपिलरी नळीत रक्त भरून सेंट्रिफ्यूजमध्ये गरगर फिरवलं, म्हणजे पेशी तळाशी बसतात. पाच मिनिटांनी पट्टीवर वाचलं तर २७ टक्के. शेळीला २२ ते ३८ चालतं.

कागदावर शेवटी एक आकडा होता, तो मी घाईत पाहिलाच नव्हता. एमसीएचसी, १२५. म्हणजे १०० मिलिलिटर तांबड्या पेशींमध्ये १२५ ग्रॅम हिमोग्लोबिन. गाय, शेळी, कुत्रा, माणूस, कुणाचंही घ्या, हा आकडा ३० ते ३६ च्या आसपास असतो. पेशीत त्याहून फार जास्त हिमोग्लोबिन मावतच नाही. रक्त फुटलेलं असेल किंवा नमुन्यात चरबी तरंगत असेल तर तो चाळिशीच्या वर जातो, आणि तेव्हा आपण नमुन्यावर शंका घ्यायची असते. १२५ म्हणजे मोजणीच साफ फसलेली. मशीनने त्यावर कसलीही खूण केली नव्हती. त्या दोन मिनिटांत मी एका धडधाकट शेळीच्या मालकिणीला लोहाची इंजेक्शनं लिहून द्यायच्या बेतात होतो, याचं मला आजही वाईट वाटतं.

नेमकं काय झालं?

बहुतेक लहान सीबीसी मशीन ज्या तत्त्वावर चालतात, त्याचं पेटंट अमेरिकेत वॉलेस कोल्टर यांना १९५३ साली मिळालं. विजेचा प्रवाह वाहू देणाऱ्या द्रावात रक्त पातळ करायचं आणि ते एका बारीक छिद्रातून ओढायचं. छिद्र साधारण ७० ते १०० मायक्रॉनचं. पेशी छिद्रातून जाताना तेवढा द्राव बाजूला सारते, क्षणभर विजेला अडथळा होतो आणि एक झटका नोंदला जातो. झटका जेवढा मोठा, तेवढी पेशी मोठी. मशीनला पेशी दिसत नाही, ते फक्त झटके मोजतं आणि उंचीप्रमाणे त्यांची वाटणी करतं. अमुक उंचीच्या वरचे ते तांबड्या पेशींचे, खालचे प्लेटलेटचे.

ही सीमारेषा कुठे आखायची, हे माणसाच्या रक्तावरून ठरवलेलं असतं. माणसाची तांबडी पेशी ८० ते १०० फेम्टोलिटरची (हे पेशीच्या आकारमानाचं अतिसूक्ष्म माप). कुत्र्याची ६० ते ७७, म्हणून लॅब्रॅडॉरचे आकडे चोख आले. गाईची ४० ते ६०, म्हणजे रेषेच्या जरा वर. मेंढीची २८ ते ४०. आणि शेळीची अवघी १६ ते २५, आपल्या नेहमीच्या जनावरांत सगळ्यांत लहान. त्या बदल्यात शेळीच्या एका मायक्रोलिटर रक्तात ८० लाखांपासून १ कोटी ८० लाखांपर्यंत तांबड्या पेशी असतात. माणसाच्या मशीनमध्ये यातल्या बहुतेक पेशी रेषेखाली गेल्या आणि प्लेटलेट म्हणून मोजल्या गेल्या. वर उरल्या त्या थोड्या मोठ्या, त्यांचेच ते १९ लाख. हिमोग्लोबिन मात्र बरोबर आलं, कारण त्यासाठी पेशी फोडून रंगाची तीव्रता मोजतात आणि तिथे पेशीच्या आकाराचा संबंध येत नाही. एक आकडा खरा, एक खोटा, आणि त्यांचा भागाकार १२५.

गाईच्या बाबतीत हा घोळ इतका उघड दिसत नाही, म्हणून तो जास्त धोक्याचा वाटतो. मोठ्या गाईच्या पेशी रेषेच्या वर राहतात. पण लोहाची कमतरता असलेल्या वासराच्या पेशी आकाराने आधीच लहान झालेल्या असतात, त्यातल्या काही रेषेखाली जातात आणि अहवाल थोडाच चुकतो. शंका येणार नाही इतकाच.

तीन आठवड्यांचा करार

जुनं मशीन परत पाठवलं. मग जनावरांसाठी बनवलेल्या एका मशीनच्या वितरकाशी बोललो. त्यात आधी जनावर निवडायचं, गाय, शेळी, मेंढी, घोडा, कुत्रा, मांजर. त्याप्रमाणे सीमारेषा आणि पेशी फोडायच्या रसायनाचं प्रमाण बदलतं. मी एकच अट घातली. तीन आठवडे मशीन माझ्याकडे राहील, नमुने मी निवडीन आणि पैसे त्यानंतर. तो थोडा कुरकुरला, पण कबूल झाला. मशीन घ्यायला निघालेल्या प्रत्येकाने ही अट घालावी असं मला मनापासून वाटतं. विक्रेत्याच्या हातचा नमुना आणि आपल्या गोठ्यातला नमुना यांत फार अंतर असतं.

आमच्याकडे येतं काय, तर निपाणी, चिकोडी, सदलगा पट्ट्यातल्या संकरित गाई सगळ्यांत जास्त, त्यामागोमाग म्हशी, मग शेळ्या, आणि गावात अलीकडे वाढलेली कुत्री. मांजर क्वचित, घोडा नाहीच. म्हणून चाचणीही त्याच हिशेबाने केली. तीन आठवड्यांत ४४ नमुने झाले: १८ गाई, ९ म्हशी, ९ शेळ्या, ८ कुत्री. दोन पद्धतींची तुलना करायची तर निदान ४० नमुने घ्यावेत असा प्रयोगशाळांमधला संकेत आहे, तेवढा पाळला. नमुने निवडताना निरोगी आणि आजारी अशी दोन्ही जनावरं मुद्दाम घेतली. सगळी निरोगी घेतली तर आकडे एका ठिकाणी गोळा होतात आणि मशीन कमी-जास्त ओळखतं का, हे कळतच नाही.

तुलना कशाशी केली? आपल्याकडे प्रत्येक गुरांच्या डॉक्टरला परवडतील अशा दोन गोष्टींशी, कॅपिलरी नळीचा पीसीव्ही (नळीत वाचलेलं हिमॅटोक्रिट) आणि काचपट्टीवरचा रक्ताचा थर. चिकोडीकडचे माझे एक सहकारी स्लाइड वाचण्यात माझ्यापेक्षा सरस आहेत. मशीनचा कागद त्यांना दाखवायचा नाही असं आधीच ठरवलं होतं. त्यांनी मोजून लिहायचं, मी मशीनचं लिहायचं, आणि वही शेवटी उघडायची.

पहिली परीक्षा पुन्हा पुन्हा मोजण्याची. एकाच गाईचं रक्त सलग दहा वेळा लावलं. हिमॅटोक्रिटची सरासरी २८.४ आली आणि चढउतार १.८ टक्क्यांचा. हलक्या हाताने ट्यूब उलटीसुलटी करून प्रत्येक वेळी मिसळली तरच एवढा कमी, हेही कळलं. दोनदा मुद्दाम न मिसळता लावलं तर आकडा चार-पाच अंशांनी घसरला. हा मशीनचा दोष नव्हे. ट्यूब उभी ठेवली की पेशी खाली बसतात.

दुसरी परीक्षा आदल्या नमुन्याची भेसळ पुढच्यात उतरते का, याची. पांढऱ्या पेशी खूप वाढलेल्या कुत्रीचं रक्त लावून लगेच पेशी कमी असलेल्या गाईचं तीनदा लावलं. पहिला आणि तिसरा आकडा जवळपास सारखे आले. इथे जास्त वेळ घालवावा लागला नाही.

तिसरी, आणि सगळ्यांत महत्त्वाची, किती चूक चालेल याची. अमेरिकेतल्या पशुवैद्यकीय क्लिनिकल पॅथॉलॉजीच्या संस्थेने, म्हणजे एएसव्हीसीपीने, हिमॅटोक्रिट आणि हिमोग्लोबिनसाठी एकूण चूक १० टक्क्यांपर्यंत मान्य केली आहे. एकूण चूक काढायची रीत सोपी आहे. खऱ्या आकड्यापासून सरासरी किती टक्के दूर, त्यात चढउताराच्या टक्क्यांची दुप्पट मिळवायची. गाईंमध्ये मशीन सेंट्रिफ्यूजपेक्षा सरासरी ३.६ टक्के कमी दाखवत होतं. त्यात १.८ ची दुप्पट मिळवली की ७.२. पास.

वितरकाने दिलेल्या पत्रकात ‘सहसंबंध ०.९८’ असं ठळक छापलं होतं. हा शब्द डॉक्टर लोकांना सहज भुलवतो. एखादा वजनकाटा प्रत्येक पोत्याला दोन किलो कमी दाखवत असेल तरी खऱ्या वजनाशी त्याचा सहसंबंध अगदी उत्तम येतो. ब्लँड आणि ऑल्टमन या दोन संख्याशास्त्रज्ञांनी १९८६ साली हीच गोष्ट दाखवून दिली आणि दोन पद्धतींमधला फरक थेट मांडायची रीत घालून दिली. वहीत एक रकाना फरकाचा ठेवला तर तेवढं घरीही जमतं.

शेळ्या नापास, आणि मग

शेळ्यांच्या नऊ नमुन्यांत सेंट्रिफ्यूजची सरासरी २७.० आणि मशीनची २४.६. फरक ८.९ टक्के, चढउतार २.६, एकूण चूक १४.१. म्हणजे नापास. ज्या जनावरापायी हे सगळं सुरू झालं, तिथेच नवं मशीनही पडलं असं मी वहीत लिहून टाकलं आणि वितरकाला फोन करायला निघालो.

सहकाऱ्यांनी थांबवलं. “सर, शेळीची नळी किती मिनिटं फिरवली?” पाच. सगळ्यांची पाच, गाईची तशी शेळीची. ते म्हणाले, पुन्हा फिरवा, दहा मिनिटं.

शेळीची पेशी इतकी बारीक असते की पाच मिनिटांत ती नळीत नीट दाबून बसत नाही. पेशींच्या मध्ये प्लाझ्मा अडकून राहतो, तांबडा थर उंच दिसतो आणि पीसीव्ही खोटाच जास्त येतो. त्यातून संध्याकाळी आमच्याकडे व्होल्टेज उतरतं, तेव्हा सेंट्रिफ्यूजही पूर्ण वेगाने फिरत नसणार. आम्ही नव्याने नऊ शेळ्यांचे नमुने घेतले. सगळे सकाळी, स्टॅबिलायझर लावून, दहा मिनिटं फिरवून. मशीनची सरासरी योगायोगाने पुन्हा २४.६ च आली, सेंट्रिफ्यूजची मात्र २५.४. फरक ३.१ टक्के, एकूण चूक ८.३. पास.

म्हणजे मशीनला नापास करणारी माझी मोजपट्टीच चुकलेली होती. मावशींच्या शेळीचा २७ हाही किंचित फुगलेला असणार. त्याने त्या दिवशीचा निर्णय बदलला नसता, पण ज्याला मी खरं धरून चाललो होतो त्याचीही तपासणी आधी व्हायला हवी होती. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त शिकवलं ते या एका दुपारने.

कागदात न दिसणारं

दुसऱ्या आठवड्यात अकोळकडून एक होलस्टेन संकरित गाय आली, टेम्पोतून. ताप १०५.५, खांद्यापुढची गाठ नारळाएवढी, दूध बंद, कानामागे गोचीड. मशीनने हिमॅटोक्रिट १४, हिमोग्लोबिन ४.६ आणि पांढऱ्या पेशी कमी दाखवल्या. नळीत १५ आलं. आकडे बरोबर होते, पण हे कशाने झालं ते त्यांत कुठेच लिहिलेलं नव्हतं. ते काचपट्टीवर दिसलं. जिम्सा रंगात तांबड्या पेशींमध्ये अंगठीसारखे थायलेरियाचे, म्हणजे गोचिडातून येणाऱ्या रोगाचे, जंतू, आणि गाठीतून सुईने घेतलेल्या द्रावात पांढऱ्या पेशींतल्या त्या निळसर गोळ्या. बुपार्वाक्वोन वजनाच्या किलोमागे २.५ मिलिग्रॅमने स्नायूत दिलं. हेच आकडे बबेसिया या गोचिडाच्याच दुसऱ्या रोगात आले असते तर औषध वेगळं, अ‍ॅनाप्लाझ्मा या तिसऱ्यात आले असते तर आणखी वेगळं. गाय सहाव्या दिवशी उठून चारा खाऊ लागली. दूध पूर्ववत यायला महिना गेला.

पांढऱ्या पेशींची वाटणीही मशीनवर सोडू नये, असं आमच्या वहीवरून दिसलं. पांढऱ्या पेशींच्या प्रकारांपैकी गाईत निरोगीपणीच लिम्फोसाइट जास्त आणि न्यूट्रोफिल कमी असतात, माणसाच्या उलट. कासदाह किंवा गर्भाशयाचा दाह जोरात असताना हे प्रमाण फिरतं, आणि अपरिपक्व न्यूट्रोफिल रक्तात उतरतात. आमचं मशीन फक्त आकारावरून तीन गट पाडतं. अपरिपक्व पेशी वेगळ्या दाखवणं त्याला शक्य नाही. अठरा गाईंपैकी पाच ठिकाणी सहकाऱ्यांची मोजणी आणि मशीनची वाटणी जुळली नाही, आणि पाचही गाई दाहाने आजारी होत्या. जिथे गरज सगळ्यांत जास्त, नेमकं तिथेच.

कुत्र्यांमध्ये प्लेटलेटचा प्रश्न येतो. गोचिडामुळे होणाऱ्या एर्लिकियात प्लेटलेट घटतात, म्हणून कमी आकडा दिसला की उपचार सुरू करण्याचा मोह होतो. पण रक्त काढताना शीर नीट सापडली नाही की प्लेटलेटचे पुंजके होतात आणि मशीन एका पुंजक्याला एक झटका मोजतं. आठांपैकी दोन कुत्र्यांत असंच झालं. स्लाइडच्या टोकाला पुंजके स्पष्ट दिसत होते. पुंजके नसतील तर शंभरच्या लेन्सखाली एका क्षेत्रात सरासरी किती प्लेटलेट दिसतात ते मोजून १५ ते २० हजारांनी गुणायचं. ढोबळ अंदाज येतो आणि तो पुरतो.

रोजच्या चालवण्याबद्दल थोडं. वीज गेली की मशीन मध्येच थांबतं आणि पुन्हा सुरू करताना धुण्याचं रसायन वाया जातं. त्यामुळे यूपीएस वेगळा घ्यावाच लागतो. दिवसाला दोनच नमुने आले तरी सकाळ-संध्याकाळची धुलाई तेवढीच, म्हणून एका तपासणीचा खरा खर्च पत्रकातल्यापेक्षा बराच वर जातो. आम्ही तीन दवाखान्यांनी मिळून मशीन घेतलं ते याच कारणाने. नमुने थंड डब्यातून निपाणीला येतात. सहा तासांच्या आत आले तर आकडे ठीक राहतात. दुसऱ्या दिवशी लावलेल्या नमुन्यांत पेशी फुगून हिमॅटोक्रिट वाढलेलं दिसलं. स्लाइड मात्र जागेवरच करायची, गोठ्यात, ताज्या रक्ताची. आणि ईडीटीएची (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाची) जांभळ्या बुचाची ट्यूब खुणेपर्यंत भरायची. दोन मिलिलिटरच्या ट्यूबमध्ये अर्धा मिलिलिटर रक्त घातलं की रसायन जास्त होऊन पेशी आक्रसतात. हे आमच्या मदतनीस मुलांना समजावण्यात दोन आठवडे गेले, पण आता ते स्वतःच कमी भरलेली ट्यूब परत पाठवतात.

कागद इंग्रजीत येतो, सरकारी अर्ज कन्नडात, आणि गोठ्यातलं बोलणं मराठीत. म्हणून प्रत्येक कागदाच्या मागे मी हाताने दोन ओळी मराठीत लिहून देतो: रक्त किती, किती हवं, पुन्हा कधी आणायचं. मावशींच्या शेळीच्या मागच्या फेरीच्या कागदावर ‘२६, चांगलं आहे’ एवढंच लिहिलं.

म्हशींचं काम अजून अर्धं आहे. मशीनमध्ये म्हशीसाठी वेगळी निवड नाही, आम्ही गाईच्या निवडीवर लावतो. हिमॅटोक्रिट नळीशी जुळतं. पण कागदावर कमी-जास्तच्या खुणा ज्या मर्यादांवरून पडतात, त्या परदेशातल्या गाईंच्या आहेत, आणि त्या आमच्या मुऱ्हा आणि पंढरपुरी म्हशींना लावणं मला मान्य नाही. नव्या मर्यादा ठरवायला १२० निरोगी जनावरं असावीत असा नियम आहे. निदान ४० असतील तर वेगळ्या गणिती रीतीने काम भागतं. निरोगी म्हणजे खरोखर निरोगी, जंत तपासलेली, गोचीड नसलेली, व्यायल्यापासून किती दिवस झाले ते लिहिलेली. वहीत सध्या २३ आहेत. तोपर्यंत म्हशीच्या कागदावरच्या खुणांवर मी आडवी रेघ मारतो आणि नळीचा आकडा शेजारी लिहितो.